दिवाळीपर्यंत गच्ची रंगीत करायचीये, काय लावू?

प्रश्न: नमस्कार ताई. मी पुण्यात सहकारनगरला राहते, वय 61. मागच्या ऑक्टोबरमध्ये मुलीकडे बॉस्टनला होते, तिथली लाल-केशरी झाडं बघून अक्षरशः वेडी झाले. परत आल्यावर ऑनलाइन जपानी मेपलचं रोप मागवलं, 1800 रुपये गेले, मे महिन्यात पानं कडेने करपत करपत ते गेलंच. सोबत बियांचं पाकीट होतं, त्यातलं एकही बी उगवलं नाही. आमची गच्ची पश्चिमेची आहे, 11 नंतर ऊन येतं ते मावळेपर्यंत. 14 कुंड्या आहेत. खाली कंपाउंडलगत तीन फुटी मातीचा पट्टा आहे, तिथे लावायला सोसायटीने परवानगी दिलीये. शेवंती आहे पण तीन वर्षं नुसती पानंच, फूल नाही. तिची कुंडी कठड्याच्या कोपऱ्यात आहे, रस्त्याच्या दिव्याचा उजेड तिथे येतो म्हणून रात्री गच्चीवर वेगळा दिवा लावावा लागत नाही. दीड वर्षाचा नातू आहे, हाताला लागेल ते तोंडात घालतो. दिवाळीला मुलगी येतीये. तोपर्यंत तसे रंग आपल्याकडे होतील का?

उत्तर:

ताई, पत्र दोनदा वाचलं. आधी मेपलचं सांगते, कारण तुमच्या लिहिण्यातून वाटलं की आपलंच काहीतरी चुकलं असं तुम्हाला वाटतंय. तुमचं काही चुकलेलं नाही हो. मेपलला हिवाळ्यात सलग दोन-तीन महिने कडक थंडीची झोप लागते, ती झाली की मगच ते वसंतात नीट फुटतं. आपल्याकडे जानेवारीत चार रात्री पारा 8-10 वर येतो आणि आपण स्वेटर काढतो, पण दुपारी परत 28-30 असतंच, तेवढ्याने त्या झाडाची झोप होत नाही. आणि मग मे महिन्यातलं पुण्याचं कोरडं वारं आणि 40 चं ऊन, त्यात ती पातळ कातरलेली पानं कडेपासून करपणारच, कितीही पाणी घाला. बियांचंही तसंच, मेपलचं बी ओल्या मातीत दोन-तीन महिने थंडीत ठेवल्याशिवाय जागंच होत नाही, तेही जर पाकिटात खरंच मेपलचं बी असेल तर. तेव्हा परत मागवू नका, अजिबात नको.

आता तुमच्या खऱ्या प्रश्नाकडे येते. बॉस्टनसारखी लाल पानं पुण्यात ऑक्टोबरमध्ये होतील का? नाही होणार. पण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तुमची गच्ची लाल-केशरी-पिवळी होईल का? नक्की होईल, फक्त ते काम पानांपेक्षा जास्त फुलांकडून करून घ्यावं लागेल.

याचं कारण थोडं समजून घेतलंत तर पुढची निवड सोपी जाईल. तिकडे दिवस लहान झाले, रात्री गार पडल्या की झाड हिवाळ्याच्या तयारीला लागतं, पानातलं हिरवं द्रव्य मोडून कामाचा माल खोडात ओढून घेतं. पिवळा रंग पानात आधीपासून असतोच, हिरव्याखाली झाकलेला, तो दिसायला लागतो, आणि लाल मात्र गार रात्री आणि स्वच्छ उन्हाचे दिवस असे एकत्र आले की पान तेव्हा नव्याने तयार करतं. आपल्याकडे ऑक्टोबरमध्ये काय परिस्थिती असते? पाऊस नुकता गेलेला, जमिनीत ओल भरपूर, दुपारी 32-33 डिग्री. झाडाने पानं का म्हणून टाकावीत? आपली झाडं पानं गाळतात ती पाणी आटल्यावर, म्हणजे साधारण जानेवारीपासून मार्चपर्यंत. आणि आपल्याकडचा पानांचा खरा लाल रंग त्याच्याही पुढचा, मार्चमध्ये कुसुमाच्या झाडाला किंवा पिंपळाला नवी पालवी फुटते ती बघा, तांबडीलाल आणि चकचकीत, उन्हात पेटल्यासारखी दिसते. तिकडची पानं जाताना रंगतात, आपली येताना. गळायच्या आधी लाल होणारी झाडं आपल्याकडे आहेत, रस्त्याकडेचा देशी बदाम आणि थोडंफार ताम्हण, पण तेही डिसेंबर-जानेवारीत, आणि दोन्ही मोठी झाडं, तुमच्या तीन फुटी पट्ट्यात बसणारी नाहीत.

शरद हा आपल्याकडे फुलांचा ऋतू आहे. गणपती गेले की सिंहगडावर सोनकी पिवळी होते, गौरीत तेरडा असतो, नवरात्र-दसऱ्याला मार्केट यार्डात झेंडूचे ढीग लागतात, दिवाळीच्या आसपास बुचाच्या झाडाखाली पहाटे पांढऱ्या फुलांचा सडा असतो. हे सगळं याच दिवसांत उगाच होत नाही, यातली बरीच झाडं दिवस लहान व्हायची वाट बघत असतात. पुण्यात जूनच्या शेवटी दिवस सव्वातेरा तासांचा असतो, डिसेंबरात अकरा तासांवर येतो. दोन तासांचा फरक आपल्याला फार जाणवत नाही, झाडाला बरोब्बर कळतो.

आणि इथेच तुमच्या शेवंतीचं कोडं सुटतं. तुम्ही पत्रात एक वाक्य जाता जाता लिहिलंय, की शेवंतीची कुंडी कठड्याच्या कोपऱ्यात आहे आणि रस्त्याच्या दिव्याचा उजेड तिथे येतो म्हणून रात्री गच्चीवर वेगळा दिवा लावावा लागत नाही. ताई, तोच दिवा तिला फुलू देत नाहीये! शेवंतीला कळी धरायला लांब, सलग अंधारी रात्र लागते, मध्ये उजेड पडला की तिला वाटतं अजून उन्हाळाच चालू आहे आणि ती पानंच वाढवत बसते. पॉलीहाऊसमधले शेतकरी हेच मुद्दाम करतात, फूल लांबवायचं असेल तर रात्री दिवे लावतात आणि लवकर हवं असेल तर संध्याकाळी काळं प्लास्टिक ओढतात. मी हे आधी नुसतं वाचलं होतं, पटलं ते आमच्या जिन्यातल्या कुंडीमुळे. पॅसेजची ट्यूब रात्रभर चालू असायची, आणि त्या वर्षी त्या एकाच झुडपाला ट्यूबच्या बाजूने एक कळी नाही आणि भिंतीकडच्या सावलीच्या बाजूने वाटाण्याएवढ्या गच्च कळ्या, मधोमध रेघ मारल्यासारख्या. मी कितीतरी वेळ तिथे बसून बघत होते. दुसऱ्या वर्षी कुंडी मागच्या बाल्कनीत नेली, सगळीकडून फुलली.

तुम्ही पण ती कुंडी हलवा. दिवसा पूर्ण ऊन आणि संध्याकाळी साडेसहानंतर काळोख अशी जागा हवी, घरातल्या खिडकीचा उजेडही थेट नको. आत्ता सप्टेंबरचा तिसरा आठवडा आहे, आत्ता हलवलीत तर साधारण महिन्याभरात कळ्या दिसतील आणि नोव्हेंबरचा शेवट ते डिसेंबरची सुरुवात इथे फुलं येतील. म्हणजे ही जुनी शेवंती दिवाळीला मिळणार नाही, त्याची मनाची तयारी ठेवा. आता शेंडा अजिबात खुडू नका, ते काम जुलै-ऑगस्टपर्यंतचं. मावा धरतो तिला, कोवळ्या शेंड्यांवर काळे-हिरवे बारीक किडे दिसले तर बोटाने पुसून काढा आणि निंबोळी तेल लिटरला 5 मिली, दोन थेंब भांड्याचं लिक्विड घालून, ऊन उतरल्यावर फवारा. दिवाळीसाठी दोन कुंड्या कळीतल्या विकत आणा, पूर्ण उमललेल्या घेऊ नका, त्या घरी येईपर्यंतच निम्म्या संपलेल्या असतात. झिपरी मिळाली तर तीच घ्या, छोटी पिवळी, भरभरून येते, वासही तिचा तो ओळखीचा कडवट-गोड. फुलं संपली की झाड फेकू नका, वीतभर ठेवून छाटा, बुंध्यातून काश्या, म्हणजे कोवळे फुटवे, फुटतात त्या एप्रिल-मेमध्ये वेगळ्या लावायच्या.

गच्चीचा मुख्य भार मात्र झेंडूवर टाका. मला माहितीये, तुम्हाला वाटेल झेंडू काय, तो तर सगळीकडेच असतो. पण तुम्हाला बॉस्टनला जो रंग आवडला ना, ते विटकरी, केशरी, सोनेरी, गंजासारखं लाल, हे सगळं एका झाडात हवं असेल तर मखमली झेंडूसारखं दुसरं काही नाही. तो ठेंगणा, छोट्या फुलांचा, पाकळीवर मरून रंग आणि कडेला सोनेरी किनार असलेला. हाराचा मोठा गोंडा वेगळा, तो उंच होतो आणि गच्चीवरच्या वाऱ्याने आडवा पडतो, त्याला काठी लागते. आता बी पेरलंत तर दिवाळीला जेमतेम पहिल्या कळ्या येतील, म्हणून बी नको, रोपंच आणा. सोलापूर रोडला मांजरी-उरुळी कांचनच्या बाजूला नर्सऱ्यांची रांगच आहे, एक सकाळ काढा आणि जाऊन या. रोप निवडताना फूल बघू नका, पिशवीच्या तळाशी बघा. मुळं बाहेर येऊन गोल गोल गुंडाळलेली असतील तर ते रोप पिशवीत अडकून म्हातारं झालंय. बुटकं, जाड खोडाचं, चार-सहा फांद्या फुटलेलं आणि कळ्यांवर असलेलं घ्या.

एक फार महत्त्वाचं. नर्सरीतली रोपं हिरव्या शेडनेटखाली वाढलेली असतात, आणि तुमची गच्ची पश्चिमेची, वर ऑक्टोबर हीट. आणल्या आणल्या उन्हात ठेवलीत तर दोन दिवसांत पानं पांढरी पडून भाजतात आणि आपण म्हणतो नर्सरीवाल्याने फसवलं. आठ-दहा दिवस भिंतीच्या सावलीत ठेवून रोज थोडं थोडं पुढे सरकवा. पाणी सकाळी घाला, नऊच्या आत. पाऊस थांबला की ऑक्टोबरात कुंडी भसकन कोरडी पडते, सप्टेंबरच्या सवयीने दोन दिवसांआड घालत राहिलात तर रोपं जातात. मातीवर नारळाच्या शेंड्या किंवा वाळका पाला पसरा, फरक पडतो. आणि त्या कोरड्या हवेत झेंडूवर लाल कोळी येतो, पानांवर बारीक फिकट ठिपके आणि मागून जाळं दिसलं की समजायचं, तेव्हा सकाळी पानांच्या मागच्या बाजूने पाण्याचा जोरात फवारा मारला तरी बराच आटोक्यात येतो.

पानांचा रंग अगदीच सोडू नका, कारण तुमचा जीव त्यातच आहे हे कळतंय मला. कोलियस आणा, वाईनसारखा गडद लाल आणि दुसरा तांब्याच्या रंगाचा, हे दोनच. हिरवा-गुलाबी-पांढरा असे पाच प्रकार एकत्र केले की कापडाच्या दुकानासारखं दिसतं, माझं हे ठाम मत आहे. त्याला दुपारचं थेट ऊन सोसत नाही, मोठ्या कुंड्यांच्या मागे कठड्याच्या सावलीत ठेवा, आणि तुरा आला की लगेच खुडा नाहीतर झाड लांबडं होतं. क्रोटन उलट, त्याला जितका उजेड तितका रंग चढतो, अंधाऱ्या कोपऱ्यात ते हिरवंच राहतं. पण क्रोटनचा चीक कातडीला लागला तर खाज येते आणि पोटात गेलेला वाईट, म्हणून दोनच घ्या आणि नातवाचा हात पोचणार नाही अशा उंच स्टँडवर ठेवा. रंगीत अळूची पानं, कॅलेडियम म्हणतात ती, आत्ता नर्सरीत फार सुंदर दिसतील पण घेऊ नका, थंडी सुरू झाली की ती कंदात जाऊन झोपतात, डिसेंबरात तुमच्याकडे नुसती मातीची कुंडी राहील.

पॉइंसेटियाचं तुम्ही विचारलं नाहीये पण नर्सरीवाला दाखवेल म्हणून सांगते. ती लाल दिसतात ती फुलं नाहीत, पानंच आहेत, खरं फूल मधलं पिवळं बारीक. म्हणजे बघा, लाल होणारं पान हवं होतं ना तुम्हाला, ते हे! पण तेही शेवंतीसारखंच अंधाराच्या हिशोबाने चालतं, आपल्याकडे डिसेंबरात रंगतं, दिवाळीला नाही. चीक त्यालाही आहे, फार विषारी नसला तरी तोंडाला लागला की आग होते, तेव्हा वरच्या स्टँडवरच.

नातवाचा विषय निघालाच आहे तर कण्हेर मात्र, लाल असो, गुलाबी असो की पिवळी बिट्टी, खालच्या पट्ट्यात सुद्धा नको. ती खरंच जिवावर बेतणारी आहे आणि सोसायटीत इतरही मुलं असतील. गुलबक्षी संध्याकाळी काय सुरेख उमलते पण तिचं मिऱ्यासारखं काळं बी मुलं हमखास उचलतात आणि तेही पोटात जायला नको, त्यामुळे नातू थोडा मोठा होईपर्यंत थांबा. झेंडू, जास्वंद, अ‍ॅस्टर, गोकर्णाची फुलं, यांच्याजवळ त्याला त्या मानाने निश्चिंत सोडता येईल, फवारलेलं नसलं म्हणजे झालं.

14 कुंड्यांचा हिशोब मी असा धरेन: पाच मखमली झेंडूच्या, दोन कोंबड्याच्या, तीन कोलियस, दोन क्रोटन, दोन विकतच्या शेवंत्या. तुमची जुनी शेवंती अंधारात, ती यात धरत नाही. कोंबडा आता फारसं कुणी घरी लावत नाही, पण तो मखमली जाड तुरा, गडद किरमिजी, झेंडूच्या मध्ये ठेवून बघा एकदा, आणि महिना-दीड महिना टिकतो. रोपं सुटी सुटी पसरू नका, पाचही झेंडू एकत्र जवळ जवळ, एका ढिगासारखे, दिवाणखान्याच्या दारातून थेट दिसतील असे. रंगाचा तो परिणाम एकगठ्ठ्यातूनच येतो. बाकी जास्वंद, तगर वगैरे जे तुमचं असेल ते मागच्या रांगेत जाऊ दे. माती बदलायची गरज नाही, वरची दोन-तीन इंच काढा आणि मूठ-दोन मुठी गांडूळखत, चमचाभर निंबोळी पेंड घालून परत भरा.

खालच्या पट्ट्याला मला फार हेवा वाटतोय तुमचा. तिथे कोरांटी लावा ताई, ओळीने, दोन-दोन फुटांवर. पिवळी आणि जांभळी, दोन्ही. शरद-हेमंत हाच तिचा काळ आहे, ऑक्टोबरपासून थेट जानेवारीपर्यंत फुलते, पाणी कमी लागतं, काळ्या मातीत पण मजेत राहते. पिवळीला काटे असतात, म्हणून ती भिंतीकडे आणि जांभळी पुढे. माझ्याकडची जांभळी वाईहून मावशीच्या परसातून आली, वर्तमानपत्राच्या ओल्या तुकड्यात गुंडाळून आणलेल्या चार फांद्या होत्या, चारही लागल्या. नर्सरीत आता तिला कुणी विचारत नाही, म्हणून जुन्या वाड्यात, गावाकडे कुणाकडे असेल तर पावसाळ्यात फांदी आणा. या दिवाळीसाठी मात्र तयार झुडपंच शोधावी लागतील.

पट्ट्याच्या एका टोकाला एकच छोटं झाड लावा. प्राजक्त लावला तर पहाटे खाली पांढरा-केशरी सडा, मुलगी येईल तेव्हा नाही पण पुढच्या एक-दोन शरदांत नक्की. किंवा देवकांचन, गुलाबी-जांभळी मोठी फुलं, सप्टेंबर ते नोव्हेंबर. नर्सरीत नुसतं कांचन द्या म्हणू नका, रक्तकांचन दिलं तर ते फेब्रुवारी-मार्चला फुलतं आणि तुम्ही दिवाळीत वाट बघत बसाल. दोघांची पानं आपट्यासारखीच दोन पाळ्यांची, रोपात फरक कळत नाही, म्हणून फुलावर असलेलं रोप बघूनच घ्या, आत्ता ते फुलायचेच दिवस आहेत. कंपाउंडच्या भिंतीला अगदी चिकटून नको आणि ड्रेनेजच्या चेंबरपासून लांब, नाहीतर पाच वर्षांनी सोसायटीच्या मीटिंगमध्ये तुमचं झाड विषयपत्रिकेवर येईल.

पिवळा-केशरी कॉसमॉस पण तुम्हाला सुचवला जाईल, दिसतो छान, फुलपाखरं येतात, वाढतो कसाही. गच्चीवर कुंडीत हवा तर लावा, पण बी पडू द्यायच्या आत वाळकी फुलं काढत चला आणि खालच्या पट्ट्यात किंवा टेकडीवर त्याचं बी कृपा करून टाकू नका. तो मूळचा मेक्सिकोकडचा, आणि आपल्या टेकड्यांवर त्याने इतका पसारा मांडलाय की पावसाळ्यानंतर तिथे जे आपलं बारीक गवत, तेरडा, छोटी रानफुलं यायची त्यांना जागाच उरत नाही. लोक हौसेने तिथे फोटो काढतात, मला बघून वाईट वाटतं.

आणि दिवाळीनंतरची सोय आत्ताच करून ठेवा. एका ट्रेमध्ये अ‍ॅस्टर आणि पिटुनियाचं बी या आठवड्यात टाका. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने काढलेले फुले गणेश नावाचे अ‍ॅस्टर मिळाले तर बघा, पांढरा, गुलाबी, जांभळा असे रंग आहेत. पिटुनियाचं बी धुळीसारखं असतं, चिमूटभर कोरड्या रेतीत मिसळून वरच पसरा, माती टाकू नका, आणि झारीने नाही तर स्प्रेने पाणी. चार-पाच पानं आली की कुंडीत. झेंडू दमायला लागेल तेव्हा, डिसेंबर-जानेवारीत हे जागा घेतील. जानेवारीत एम्प्रेस गार्डनला पुष्पप्रदर्शन असतं तेव्हा नातवाला घेऊन जा, कुठला रंग कुठल्या रंगाशेजारी चांगला दिसतो हे तिथे फिरताना जितकं कळतं तितकं माझ्या लिहिण्यातून कळायचं नाही.

दसऱ्याच्या तोरणातला झेंडू निर्माल्यात टाकण्याआधी चार-पाच फुलं सावलीत वाळवा. खालचा हिरवा पेला फाडला की आत काळ्या सुया दिसतील, टोकाला फिकट झुपका असलेल्या, तेच बी. सगळं उगवणार नाही आणि बाजारातला झेंडू बहुतेक संकरित असतो म्हणून तसंच फूल येईल असंही नाही, पण जुलैच्या पहिल्या आठवड्यात पेरून ठेवलंत तर पुढच्या दसऱ्याला तोरण घरचं होईल.

मुलगी येऊन गेली की गच्चीचा एक फोटो पाठवा. आणि दिव्याखालची ती कुंडी आज संध्याकाळीच हलवा.